पक्षाची शाखा आणि शेतातील वीज
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून कोणत्याही पक्षाचा प्रचार होऊ नये, हा आपल्या मंडळाचा दंडक मला सर्वथैव मान्य आहे. तथापि आपल्यातील बहुतेक कुटुंबांचे पोट शेतीवर आहे, आणि शेताला पाणी पोचविणारी वीज आता राजकारणाची बाब होऊन बसली आहे. म्हणून आपल्याच जिल्ह्यात घडलेले एक प्रकरण मी आपणापुढे मांडतो.

दि. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांची नांदेडला सभा झाली. त्यांच्या पक्षाने ‘भारत राष्ट्र समिती’ हे नाव धारण केल्यानंतर तेलंगणाबाहेर घेतलेली ही पहिलीच सभा. पुढे मार्चमध्ये लोह्यालाही सभा झाली. यासाठी नांदेडच का निवडावे? धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागाचा सीमेपलीकडे रोटीबेटीचा व्यवहार आहे. पलीकडच्या व्याह्याच्या मोटारीला १ जानेवारी २०१८ पासून चोवीस तास वीज, तीही फुकट. आणि अलीकडचा आपला शेतकरी पाळीप्रमाणे रात्री वीज आली की पौषातल्या थंडीत बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. विंचूसापाची धास्ती त्याला असते, आणि घरी बायको जागी असते. अशा माणसाला कोणी सांगितले की देशात कोळसा अमाप असताना वीज कमी पडण्याचे कारण नाही, तर तो सभेला जाणारच. त्यात त्याचा काय दोष?

गावोगाव गुलाबी उपरणी दिसू लागली. मे महिन्यात नांदेडला कार्यकर्त्यांचे शिबिर झाले. जुन्या पक्षांत सतरंज्या उचलून कंटाळलेल्या पुष्कळ तरुणांना चार आठवड्यांत पदे मिळाली. मात्र पलीकडे हे कसे साधते, असा प्रश्न शाखेत कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

वस्तुतः विचारण्यासारखे पुष्कळ होते. सिंगरेणी कोळसा कंपनीत तेलंगणा सरकारचा वाटा ५१ टक्के, केंद्राचा ४९. आपल्याकडील वेस्टर्न कोलफील्ड्स सर्वस्वी केंद्राच्या हाती. फुकट विजेचे पैसे सरकारने वितरण कंपनीला द्यावयाचे असतात. ते थकले की कंपनी कर्जात बुडते. आणि पाण्याचे काय? चोवीस तास वीज सुरू होताना तेथील सरकारलाच शेतकऱ्यांना मोटारींचे ऑटोस्टार्टर काढून टाका, असे सांगावे लागले. कारण वीज येताच मोटार आपोआप सुरू होऊन विहिरी उपशाने कोरड्या पडतील, ही भीती. आपल्या काळ्या पाषाणातील विहीर तर फाल्गुनातच तळ दाखवते.

३ डिसेंबर २०२३ ला तेलंगणाचे निकाल लागले, तेथील सत्ता गेली आणि इकडील शाखा उन्हाळ्यातील ओढ्यासारख्या आटल्या. उपरणी बदलली. ज्या शाखेचे मूळ हैदराबादेत, तिला नांदेडचे पाणी कसे पुरावे?

बिलमाफीचा अनुभवही आपल्याला नवा नाही. २००४ च्या निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज दिली. निवडणुकीनंतर आलेल्या, त्याच पक्षाच्या विलासराव देशमुखांच्या सरकारने २००५ मध्ये ती बंद केली. विलासराव तर आपल्या लातूरचे! जुलै २०२४ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत विजेचा निर्णय झाला. बिल शून्य झाले, ही गोष्ट चांगलीच. पण शून्य बिलाने रात्रीची पाळी दिवसाची होत नाही.

मला स्वतःला बिलापेक्षा वेळेचा प्रश्न मोठा वाटतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०२३ पासूनचा दुसरा टप्पा त्यासाठीच आहे: उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील पंपांना दिवसा वीज द्यावयाची. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे ठरले आहे. येथे गावच्या कार्यकर्त्याला खरे काम आहे, मग त्याचे उपरणे कोणत्याही रंगाचे असो. आपली वाहिनी कोणत्या उपकेंद्रावरची, तीवर पंप किती, गायरान दिल्यास गुरांच्या चराईचे काय, हे त्याने ग्रामसभेत विचारावे. आपल्यापैकी ज्यांच्या गावी असा प्रकल्प सुरू झाला असेल, त्यांनी प्रत्यक्षात दिवसा किती तास वीज मिळते ते मंडळाच्या चिटणिसांकडे पत्राने कळवावे. पुढील अंकात ती माहिती गाववार छापण्याचे त्यांनी कबूल केले आहे.