हे पिल्लू केवढं होणार?

टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं, की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: डॉक्टर, हे केवढं होईल हो? दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबानं हे विचारलंच पाहिजे. जातिवंत लॅब्रॅडॉर असेल तर उत्तर सोपं, 25 ते 35 किलो. पण आई गल्लीतली गावठी कुत्री आणि बाप कोण ते कुणी पाहिलेलं नाही, अशा पिल्लाचं काय सांगायचं?

तेवढ्यात कुणीतरी पंजा उचलून दाखवतं. पंजा मोठा म्हणजे कुत्रा मोठा, असा समज गावोगाव आहे. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. तीन-चार महिन्यांच्या बहुतेक पिल्लांचे पाय शरीराच्या मानानं मोठेच दिसतात, आणि केसाळ पिल्लाचा पंजा तर आणखी फसवतो. पंजापेक्षा भरवशाच्या गोष्टी दोन. आधी वय, मग वजन.

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचा जन्मदाखला त्याच्या तोंडात असतो. श्रोतेहो, घरात पिल्लू असेल तर आज त्याचा वरचा ओठ हलकेच वर करून पाहा. पिल्लू जन्मतं तेव्हा बोळकं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दात हिरडीतून वर येऊ लागतात आणि दोन महिन्यांच्या सुमारास 28 दात पुरे होतात. हे दात सुईसारखे बारीक आणि टोकदार असतात. चपलेच्या पट्ट्यावर, पायजम्याच्या काठावर ज्यांनी ते सोसलेत त्यांना वेगळं सांगायला नको. साडेतीन-चार महिन्यांचं झालं की समोरचे इवले दात पडू लागतात आणि त्यांच्या जागी रुंद, पांढरेशुभ्र दात येतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळे बदलतात. कधी जुना सुळा आणि नवा सुळा काही दिवस शेजारी शेजारी उभे दिसतात. जुना हटलाच नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. सात महिन्यांपर्यंत 42 दातांचा संच पूर्ण होतो. पडलेले दात घरात फारसे सापडत नाहीत, पिल्लू बरेचसे गिळून टाकतं. त्यानं काही बिघडत नाही.

दातांवर एवढा वेळ का घालवायचा? कारण वय चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. मध्यम आकाराचा कुत्रा चार महिन्यांचा असताना त्याच्या पूर्ण वजनाच्या साधारण निम्मा भरतो. काट्यावर 8 किलो भरलेलं पिल्लू चार महिन्यांचं असेल, तर पुढे 16-17 किलोचा कुत्रा होईल. तेच पिल्लू तीनच महिन्यांचं निघालं, तर अंदाज 22 किलोच्या आसपास जातो. एका महिन्याच्या चुकीला पाच-सहा किलोंचा फरक! म्हणून पुन्हा एकदा: आधी वय, मग वजन.

वजनाला वयाच्या आठवड्यांनी भागायचं आणि 52 नं गुणायचं, असंही एक गणित लोक मांडतात. आपल्या चार महिन्यांच्या पिल्लाला ते 26 किलोंवर नेऊन बसवतं. पिल्लू वर्षभर सारख्याच वेगानं वाढतं असं ते धरून चालतं, आणि तसं होत नाही. लहान चणीचे कुत्रे आठ-दहा महिन्यांत वाढायचे थांबतात. मोठ्या हाडापेराचे दीड वर्षापर्यंत भरत राहतात.

आता बाप. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. कुत्री माजावर असताना दोन-तीन नरांशी समागम झाला, तर तसं सहज घडतं. म्हणून शेजाऱ्यांनी नेलेलं भावंड लहानखुरं राहिलं, यावरून आपल्याही पिल्लाचं भविष्य ठरवू नये. लातूर-सोलापूरकडे गावठी कुत्रीच्या वेतात एखादं उंच, कृश, लांबोडक्या तोंडाचं पिल्लू दिसलं, तर कारवान जातीच्या कुत्र्याचं रक्त असण्याचा संभव आहे. असं पिल्लू उंचीनं वाढतं आणि वजनानं मागे राहतं. डॅशहाउंडचं रक्त असेल तर उलट होतं. आखूड पायांचा गुण आई-बाप यांपैकी एकाकडून आला तरी उमटतो, त्यामुळे धड मोठं आणि पाय बुटके, असं पिल्लू दिसतं.

इथे एक गोष्ट जरा रागानंच सांगायला हवी. पिल्लू मोठं व्हावं म्हणून लोक त्याला कॅल्शियमची पावडर चारतात आणि ताट भरभरून वाढतात. आकार जन्माबरोबर ठरून येतो. भुकेनं तो खुंटू शकतो, पण जास्तीच्या खाण्यानं ठरल्यापलीकडे जात नाही. वाढते ती चरबी. मोठ्या चणीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनं हाडं बिघडतात. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या. ज्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी अन्न मिळालं, त्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं, इतरांचं 11.2 वर्षं. कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा दुखावले. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना उठून दिसू नयेत, इतपत अंग पुरे.

वजनासाठी वेगळा काटा लागत नाही. पिल्लाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. दर रविवारी आकडा वहीत लिहायचा.

वेळ संपत आली आणि नसबंदीचं राहिलंच. ती फार लवकर केली, तर हाडांच्या टोकांच्या वाढीच्या जागा उशिरा बंद होतात आणि पाय थोडे अधिक लांबतात. शस्त्रक्रिया टाळावी असा याचा अर्थ मुळीच नाही. कोणत्या महिन्यात करायची ते डॉक्टरांना विचारावं, आणि विचारायला जाताना ती वही बरोबर न्यावी.