ड्रॅक्युला : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



विघ्नहर्त्याच्या मांडवात ड्रॅक्युलाचे नाव घेतो आहे, त्याबद्दल आधी बाप्पाची क्षमा मागतो. मी काही साहित्याचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा इंजिनिअर आहे. पण ही कादंबरी उघडली आणि सुरुवातीलाच गाडी लेट झाल्याची नोंद भेटली! जोनाथन हार्कर म्युनिकहून रात्री ८.३५ ला निघतो. गाडी व्हिएन्नाला ६.४६ ला पोहोचायची, ती तासभर उशिरा पोहोचते. हा लेखक आपल्यातलाच दिसतो, असे म्हणून मी पुस्तक वाचत गेलो.

ब्रॅम स्टोकर मूळचा आयर्लंडचा, लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक. 'ड्रॅक्युला' १८९७ साली प्रसिद्ध झाली. सगळी कादंबरी डायऱ्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांतून उलगडते. खुद्द ड्रॅक्युला पहिल्या चार प्रकरणांनंतर फारच थोडा दिसतो. आणि दिसतो तेव्हा भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीतही दिसतो!

तुम्ही म्हणाल, तो तर उन्हाने मरतो ना? ती देणगी सिनेमाची. १९२२ साली मुर्नाऊ यांनी जर्मनीत 'नोस्फेराटू' हा मूकपट काढला. परवानगी न घेता, नावे बदलून. त्यात पिशाच सूर्यप्रकाशाने नाहीसे होते. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला, तरी काही प्रती वाचल्या. १९३१ च्या चित्रपटात बेला लुगोसी आला आणि उंची पोशाखातला, अदबीने बोलणारा ड्रॅक्युला लोकांच्या मनात कायमचा बसला. १९५८ मध्ये क्रिस्टोफर ली आला, रंगीत रक्त आले. १९९२ मध्ये कपोला यांनी जन्मोजन्मीची प्रेमकथा जोडली. आपल्याकडे रामसे बंधूंनी 'बंद दरवाजा' (१९९०) काढला, तोही याच वंशातला.

हे चित्रपट मला आवडतात. डायरी लिहिणारा माणूस पडद्यावर किती वेळ दाखवणार? त्यामुळे दिग्दर्शकांना दोष देत नाही. पण या गडबडीत कादंबरीतली खरी भीती हरवली, असे माझे मत आहे.

ल्यूसी नावाची मुलगी रोज अशक्त होत जाते. प्रोफेसर व्हॅन हेलसिंग लसणीच्या फुलांचा हार तिच्या गळ्यात घालतो, खिडक्या बंद करतो आणि निघून जातो. तिची आई रात्री येते, खोली कोंदट वाटते म्हणून मायेने फुले काढते, खिडकी उघडते. सकाळी मोठ्या समाधानाने तसे सांगते. तिला कोणी काही सांगितलेलेच नसते, कारण तिचे हृदय कमजोर आहे. तिनेही आपले दुखणे मुलीपासून लपवलेले असते. पुढे प्रोफेसरची एक तार पत्त्यात जिल्हा नसल्याने बावीस तास उशिरा पोहोचते आणि त्याच रात्री घात होतो. १९५८ च्या चित्रपटात ही फुले ल्यूसीच मोलकरणीकडून काढवते. तिथे पिशाचाचा प्रभाव दिसतो, आईची माया आणि सगळ्यांचे मौन मात्र जाते.

नंतरही तेच होते. जोनाथनची पत्नी मीना सर्वांच्या डायऱ्या टाइप करून तारीखवार लावते. तिच्यामुळेच प्रथम सगळे चित्र स्पष्ट होते. पण पुरुषमंडळी ठरवतात, आता हिला काही सांगायचे नाही, हिला त्रास नको. नेमके त्याच दिवसांत ड्रॅक्युला तिच्यावर घाला घालतो. मूळ कागद तो जाळतो, पण तिजोरीतली दुसरी प्रत वाचते. त्यानंतर मात्र तिला पुन्हा सामील करून घेतात. तिला गाड्यांची वेळापत्रके तोंडपाठ असतात. ड्रॅक्युला कोणत्या नदीने परत जाईल हे तीच कागदपत्रांवरून काढते. शेवटी तो मरतो तो एका कुकरीने आणि एका सुऱ्याने. सिनेमात बहुतेक वेळा प्रोफेसर आणि पिशाच यांची झुंज उरते. कपोलांनी मीनाचा टाइपरायटर ठेवला, पण तिला ड्रॅक्युलाच्या प्रेमात पाडले.

हे मला इतके का लागले, ते सांगतो. माझ्या वडिलांच्या मूत्रपिंडाचा आजार कळला तेव्हा आम्ही भावांनी ठरवले, आईला सांगायचे नाही, ती खचेल. मीठ कमी करा, एवढेच तिला मोघम सांगितले. दादांना जेवण जात नाही म्हणून ती हौसेने लोणचे, पापड वाढत राहिली. पायांवरची सूज वाढली तेव्हा डॉक्टर आमच्यावर रागावले. मग आईला सगळे सांगितले. ती खचली नाही. तिने वही घातली, पाणी किती, मीठ किती, औषध कधी, सगळे लिहू लागली. त्यानंतर दादा चार वर्षे होते. ती वही अजून आमच्या घरी आहे.

म्हणून माझी विनंती, चित्रपट जरूर पाहा, पण पुस्तकही वाचा. आणि घरातल्या माणसाला 'त्रास नको' म्हणून अंधारात ठेवू नका. व्यासांचे महाभारत लिहून घेणारा लेखनिक आपल्या समोरच बसला आहे. लिहून ठेवण्याचे महत्त्व त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

गणपती बाप्पा मोरया!