उसाचा तुरा

डिसेंबरात कागल-शिरोळकडे निघालात, तर उसाच्या फडांवर करडे-पांढरे तुरे डुलताना दिसतात. वाटसरूला ते देखणे वाटतात, ऊसवाल्याच्या मात्र पोटात गोळा येतो. "यंदा थंडी लवकर पडली, म्हणून तुरा आला," असं बांधावर बोललं जातं. पण तुऱ्याचा निर्णय ऑगस्टअखेर-सप्टेंबरातच होऊन गेलेला असतो.

त्या सुमारास आपल्याकडे दिवस साडेबारा तासांवर येतो, रात्री उबदार असतात, हवा दमट असते. रात्र लांबू लागल्याचं पान ओळखतं आणि शेंड्याकडे फुलण्याचा निरोप धाडतं. असा निरोप नेणारं एखादं संप्रेरक असलंच पाहिजे, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी १९३७ साली मांडलं. त्याला त्यांनी फ्लोरिजेन म्हटलं. ते म्हणजे एक लहानसं प्रथिन आहे, हे भातात आणि मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात दिसलं, तेव्हा २००७ साल उजाडलं होतं!

निरोप पोचला की नवी कांडी धरणं थांबतं. एरवी शेंड्यातून उतरणारं ऑक्सिन बाजूचे डोळे दाबून ठेवतं. तो दाब गेला की त्या डोळ्यांतून पांगशा फुटतात. त्यांना पोसायला इन्व्हर्टेज हे विकर कांड्यांतली साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. कारखान्यात त्यांचे दाणे पडत नाहीत आणि गुऱ्हाळात गूळही मऊ राहतो. पुढे ऊस पोकळ पडतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो.

तुरा रोखायला इथ्रेल हे औषध फवारतात; त्यातून झाडात इथिलीन सुटतं. अननसाला फुलावर आणणारं हेच संप्रेरक उसात तुरा रोखतं. मात्र शेंड्याला निरोप जाण्याआधी फवारलं तरच. डिसेंबरात तुरा पाहून फवारणं म्हणजे पैसा वाया.

तरीही तुऱ्याला शत्रू म्हणायला मन धजत नाही. आपला को ८६०३२ हा उसाचा वाण तुऱ्यांच्या संकरातूनच जन्मला. आंबोलीला ऊस चांगला फुलतो, म्हणून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने तिथे प्रजनन केंद्र थाटलं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुरा दिसला म्हणून हबकू नका. पहिले दीड-दोन महिने फारसं नुकसान होत नाही. त्यानंतर मात्र ऊस उभा ठेवू नये. कारखान्यांच्या शेती खात्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तोडणीच्या पाळीत तुऱ्याचे फड आधी घ्या.