उघडे नियम, बंद अक्षरं



१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमाने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा मी पुण्यात कॉम्प्युटर सायन्स शिकत होतो. विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल अकाउंट. पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र एकही नाही. मोडेमचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावेल एवढी फाइल उतरवायला चांगली वीस मिनिटं लागत, आणि तेवढ्यात घरात कुणी फोन उचलला की सगळं पहिल्यापासून.

पण आरएफसी दीड-दोन मिनिटांत उतरायची, कारण तो साधा मजकूर असे. इंटरनेट कसं चालतं याचे नियम या कागदपत्रांत असतात. पहिलं १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिलं, आणि ती कुणालाही फुकट वाचता येतात. १९८१ चं आरएफसी ७९१, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल (आयपी), अवघं पन्नासेक पानांचं. डॉट मॅट्रिक्सवर छापलेली आमची प्रत वर्गात हातोहात फिरून पार मऊ झाली होती.

मेलच्या आरएफसीत वाचलेलं लगेच करूनही बघता यायचं. लॅबमधल्या लिनक्स मशीनवरून मेल सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टला टेलनेट करायचं आणि ‘हेलो’ टाइप करायचं, त्यात ‘एल’ एकच. पलीकडून २५० हा आकडा यायचा: ठीक आहे, पुढे बोला. मग पत्र कुणाकडून, कुणाला, मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब. पत्र रवाना! कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या हातात जे नियम होते, तेच आमच्याही हातात होते. मला घडवलं ते या मोकळेपणाने.

त्याच वर्षांत मराठीच्या वाट्याला नेमकं उलटं आलं. अक्षरांच्या संगणकीय संकेतांचं इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं होतं, युनिकोड या जागतिक मानकाच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरी डीटीपीच्या दुकानांत प्रत्येक फॉन्टवाल्याची अक्षरांची मांडणी वेगळी, आणि बहुतेकांनी ती स्वतःपाशीच ठेवली. एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्यात भलतंच चिन्ह व्हायचा. छापलेलं पान देखणं दिसे, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. मला हे आजही लागतं. कितीतरी दिवाळी अंक, संशोधनाचे प्रबंध, गावोगावची साप्ताहिकं अशा फाइलींत अडकून पडली आहेत. त्यांत शोध घेता येत नाही आणि मूळ फॉन्ट हाती नसेल तर ती वाचताही येत नाहीत.

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, त्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं काम तुमच्या आवाक्यातलं आहे, म्हणून मागतो आहे. तुमच्या गावातल्या छापखान्यात जा, जुन्या सीडी मागा, मालकांची परवानगी घ्या. कन्व्हर्टर लिहिताना पहिली अडचण पहिल्या वेलांटीची येईल: ‘किती’मधली ती वेलांटी जुन्या फाइलीत ‘क’च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट: फाइलीत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरांचे तक्ते एकेका फॉन्टसाठी हाताने करावे लागतील. ते तक्ते तयार झाले की सगळ्यांसाठी खुले ठेवा.