दुसऱ्याच्या ठेक्याचें ऋण

विद्युत्-यंत्रांच्या साहाय्यानें घडविलेलें संगीत आणि ‘रीमिक्स’ या नांवानें ओळखली जाणारी जुन्या ध्वनिमुद्रिकांची नवी जुळणी, या विषयावरील व्याख्यानाला जुन्या वळणाचा रसिक जातो तेव्हां तो बहुधा दोन शंका मनांत बाळगून जातो. याला संगीत म्हणावें काय, ही पहिली. आणि ही उघड उघड चोरी नव्हे काय, ही दुसरी. या दोन्ही शंका विचार करण्याजोग्या आहेत.

पहिल्या शंकेचें उत्तर नभोवाणीच्याच घरांत सांपडतें. पिएर शेफर हा फ्रेंच नभोवाणीवरील इंजिनीयर. त्यानें पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर आगगाडीच्या इंजिनांचे आवाज मुद्रित केले, त्यांचे तुकडे पुनःपुन्हां फिरवून व एकापुढें एक मांडून एक रचना बांधली, आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं ती ध्वनिक्षेपित झाली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत कूल हर्क या जमैकांत जन्मलेल्या तरुणानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आळीपाळीनें फिरवून गाण्यांतील केवळ ठेक्याचा भाग हवा तितका लांबविला व त्यावर लोकांना नाचविलें. काय घ्यावें, कोठें तोडावें, कोणत्या लयींत पुन्हां जोडावें, हें ज्याला कळतें त्याचा कान संगीतकाराचाच असला पाहिजे.

दुसरी शंका मात्र इतक्या सहज मिटत नाहीं. वॉशिंग्टन येथील ‘विन्स्टन्स’ या वाद्यवृंदानें १९६९ सालीं एक तबकडी काढली. तिच्या एका बाजूचें गाणें लोकप्रिय झालें. दुसऱ्या बाजूस ‘आमेन, ब्रदर’ नांवाची एक रचना होती. तिच्या मध्यावर बाकीचीं सर्व वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक एकटाच ड्रम वाजवितो. अवघीं चार आवर्तनें. सहा-सात सेकंदांचें काम! १९८६ च्या सुमारास ही रचना तबकडी-वादकांसाठीं काढलेल्या एका संग्रहांत आली, आणि आवाजाचा तुकडा साठवून ठेवणारें ‘सॅम्पलर’ हें यंत्रही तोंवर हातीं आलें होतें. मग अमेरिकेंत तो ठेका संथ करून त्यावर हिप-हॉपचीं गीतें बांधलीं गेलीं. इंग्लंडांत तो जलद करून, चिरून, उलटसुलट जोडून ‘जंगल’ हा संपूर्ण संगीतप्रकार उभा राहिला. आज हजारों गाण्यांत तो ठेका आहे.

आणि कोलमन? तो २००६ सालीं अटलांटा शहरीं निधन पावला. अखेरच्या काळांत त्याला राहावयास घर नव्हतें. रचनेचे हक्क वाद्यवृंदाचा नायक रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे होते. त्यालाही या वापराची वार्ता १९९६ पर्यंत नव्हती. २०१५ सालीं ब्रिटनमधील कांहीं चाहत्यांनीं वर्गणी जमवून सुमारें २४ हजार पौंड त्याला दिले.

आपल्या संगीत रंगभूमीनेंही उसनवारी केली आहे. ‘सौभद्रा’पासून (१८८२) कित्येक नाटकांतील पदें पूर्वीच्या चीजांच्या व लोकप्रिय पदांच्या चालींवर रचलेलीं आहेत, ‘स्वयंवरा’साठीं (१९१६) भास्करबुवा बखले यांनीं ख्यालगायकींतील चीजा उपयोगांत आणल्या. परंतु जुन्या नाटकांचीं पुस्तकें उघडून पाहा: पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द घालून मूळ चीजेचा निर्देश केलेला आढळतो. शिवाय, चाल उसनी असली तरी गळा नटाचा स्वतःचा असे. तबकडीचा तुकडा उचलला म्हणजे चालीबरोबर वादकाचा हातही उचलला जातो. कोलमनच्या मनगटाचा तो झटका दुसऱ्या कोणीं वाजविलेला नाहीं. म्हणून हें ऋण चालीच्या ऋणाहून जड आहे.

कायद्यानें याची दखल घेतली आहे. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानें १९९१ सालीं परवानगीवांचून घेतलेला असाच एक तुकडा चोरी ठरविला, आणि तेव्हांपासून मोठ्या कंपन्या आधीं परवानगी मागूं लागल्या. परंतु कायदा हक्काच्या मालकाला ओळखतो; ज्याच्या हातांतून तो आवाज निघाला त्याला ओळखेलच असें नाहीं. स्पेन्सरला सर्व पैसे वेळेवर मिळाले असते, तरी कोलमनच्या हातीं कांहीं पडलेंच असतें अशी शाश्वती कोणी देऊं शकत नाहीं.

तेव्हां रीमिक्स बंद करा, असें मी म्हणणार नाहीं. तसें केल्यास संगीताचाच एक वाहता झरा आटेल. मागणें आहे तें लहान आहे. जुन्या नाटककारांनीं पदाच्या माथ्यावर एक ओळ खर्च केली, तशीच एक ओळ आजच्या जुळणीकारांनीं मूळ वादकाच्या नांवासाठीं खर्चावी, आणि मिळकतींतील कांहीं वांटा त्याच्या घरीं पोंचवावा. सहा सेकंदांच्या मानानें ही किंमत मुळींच जास्त नाहीं.