अमानत आणि इमारत



चीनमधील हुई का यान यांचा जन्म १९५८ साली हेनान प्रांतातील एका गरीब खेड्यात झाला. आई लहानपणीच गेली, आजीने वाढविले. सरकारी शिष्यवृत्तीवर ते शिकले, पोलाद कारखान्यात नोकरी केली आणि १९९६ साली 'एव्हरग्रँड' ही बांधकाम कंपनी काढली. २०१७ साली ते चीनमधील सर्वांत श्रीमंत गृहस्थ गणले गेले.

मग पाय घसरला कोठे? इमारत उभी राहण्यापूर्वीच गिऱ्हाइकांकडून पैसे घ्यावयाचे, त्यात कर्जाची भर घालून नवी जमीन घ्यावयाची, असा व्यवहार होता. २०२० साली सरकारने कर्जावर मर्यादा घातली आणि चाक थांबले. २०२१ साली कंपनीने देणी थकविली. डोक्यावर सुमारे ३० हजार कोटी डॉलरचे देणे! २०२३ साली गुन्ह्याच्या संशयावरून ते ताब्यात घेतले गेले. २०२४ साली हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. पण खरी शिक्षा भोगली ती अर्धवट घरांचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांनी.

मित्रहो, गरिबीतून वर येणे हे भूषणच आहे. परंतु दुसऱ्याने घरासाठी दिलेला पैसा ही अमानत आहे. ती आपली कमाई नव्हे. एवढा हिशेब तुम्ही शिकलात, तरी आम्हा शिक्षकांचे श्रम सार्थकी लागले.