भाडेकराराच्या कागदावर तुमचं नाव आहे का?

आज आम्ही घराविषयी बोलणार आहोत, पण मालकीच्या नव्हे, भाड्याच्या.

गावातून चाकण-भोसरीला कामाला गेलेल्या आपल्या लेकीबाळी भाड्याच्या खोलीत राहतात. काहींचं लग्न झालेलं असतं, काही लग्न न करता जोडीदारासोबत राहतात. नाकं नंतर मुरडा, आधी ऐका.

आमच्या गटातल्या एकीची मुलगी चार वर्षं अशी राहिली. डिपॉझिटचे अर्धे पैसे तिचे, भाडंही दोघांचं. करार मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर. एक दिवस भांडण झालं. तो मालकाकडे गेला, डिपॉझिट घेतलं आणि खोली सोडली. मालकाच्या हिशेबी भाडेकरू एकच होता. पोरगी पिशव्या घेऊन एस.टी. स्टँडवर.

ती भाडं भरत होती हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं, कागदाला ठाऊक नव्हतं. म्हणून करार करतानाच दोघांची नावं भाडेकरू म्हणून घाला. 'सोबत राहणारी व्यक्ती' एवढंच लिहिलं तर मालकापुढे हात तोकडे पडतात. सही दोघांची हवी. डिपॉझिट दोघांना मिळून परत द्यायचं, हेही लिहून घ्या. आपला वाटा आपल्या खात्यातून भरा, म्हणजे नोंद राहते. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तेव्हा "नोंदणी कशाला?" असं तो म्हणाला तर गप्प बसू नका.

नाव नसेल तर सगळं संपलं का? नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा भाड्याच्या घरालाही लागू आहे, करार एकट्या पुरुषाच्या नावावर असला तरी. लग्नाच्या बायकोसारखीच, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाईही त्यात येते. छळ होत असेल, मग तो मारहाणीचा असो, शिवीगाळीचा असो की पैशाची कोंडी करण्याचा, तर तिला घराबाहेर काढू नये असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. त्याने परवानगीशिवाय खोलीवरचा हक्क सोडू नये, किंवा तिच्यासाठी तशाच दुसऱ्या खोलीची सोय करावी नाहीतर तिचं भाडं भरावं, असंही सांगू शकतात. त्या मुलीने वेळेत अर्ज केला असता तर हे मागता आलं असतं.

एक अडचण मात्र लपवत नाही. त्याचं आधीचं लग्न कायम असेल तर प्रकरण अवघड होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली अशा नात्याच्या अटी सांगितल्या, त्यात दोघं लग्न करायला मोकळे असावेत ही एक आहे.

अर्जासाठी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. रात्री-अपरात्री 181 लावा.

पुढच्या बैठकीला येताना लेकीचा भाडेकरार आणि डिपॉझिटची पावती घेऊन या. नावं आपण मिळून वाचू.